मंडळीच्या किल्ल्या एकाच्याच खिशात : जबाबदारी सोपवायला कसे शिकावे?

खालच्या_आळीचा (धागाकर्ता) · २४ नोव्हेंबर

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

तालुक्याच्या गावातील सुमारे नव्वद कुटुंबांच्या एका मंडळीचा (चर्चचा) मी गेली सहा वर्षे सेक्रेटरी आहे. पोटापाण्यासाठी पतपेढीत नोकरी करतो. आमच्या पाळकसाहेबांकडे आमच्यासह तीन गावांच्या मंडळ्या असल्यामुळे महिन्यातून दोनच रविवार ते आमच्याकडे उपासना चालवतात. उरलेल्या रविवारी संदेश देणे, शब्बाथशाळेचे (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाचे) वर्ग लावणे, आजाऱ्यांना भेटणे, दफनभूमीची नोंदवही लिहिणे, ध्वनिक्षेपक दुरुस्त करून आणणे आणि वीजबिल भरणे ही सर्व कामे हळूहळू माझ्याकडे आली. कोणी ती माझ्यावर लादली असे मी म्हणणार नाही, कारण त्यांतील बरीचशी मीच आपणहून ओढून घेतली, आणि पहिली तीन-चार वर्षे त्याचा मला आनंदही होता.

या महिन्यात मला विषमज्वर झाला आणि मी अठरा दिवस अंथरुणावर होतो. त्यातच आमचा सुगीचा सण आला. सणाच्या दिवशी लोकांनी भाताची पोती, भोपळे, कोंबड्या, केळीचे घड असे सर्व अर्पण म्हणून, लिलावासाठी आणले. परंतु लिलावाची पावतीपुस्तके कोणत्या कपाटात आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते, त्या कपाटाची किल्ली माझ्या घरी होती, आणि गेल्या वर्षीच्या लिलावातील कोणाची किती रक्कम येणे आहे ही यादी माझ्या डायरीत होती. शेवटी लिलाव तोंडीच झाला. नंतर कोणी काय बोली लावली यावरून दोन घरांत कुरबूर झाली.

आता खरी गोष्ट सांगतो, कारण इथे मला कोणी ओळखत नाही. हा सर्व प्रकार मला फोनवर समजला तेव्हा तापातही मला बरे वाटले. माझ्यावाचून अडले, याचे मला समाधान वाटले. दुसऱ्या दिवशी त्याची इतकी लाज वाटली की राजीनामा लिहून काढला. तो अजून दिलेला नाही.

माझा प्रश्न असा आहे की ख्रिस्ती मंडळीत नेतृत्व करणाऱ्याने कामे दुसऱ्यांवर सोपवायची ती नेमकी कशी, कोणत्या क्रमाने आणि कोणावर? 'नम्र व्हा', 'प्रार्थना करा' हे मला मान्य आहे. परंतु सोमवारी सकाळी उठून काय करावे हे कोणी सांगितल्यास उपकार होतील.

---

जुना_पंच · २४ नोव्हेंबर

सेक्रेटरीसाहेब, राजीनामा फाडून टाका. तुम्ही आज निघून गेलात तर ज्याच्या हाती हे सर्व जाईल त्याचेही दोन वर्षांनी हेच होईल, कारण मंडळीला एकाच माणसावर टाकून मोकळे होण्याची सवय तशीच राहील.

बायबलमधील निर्गमाचा अठरावा अध्याय तुम्ही अनेकदा वाचला असेल, कदाचित त्यावर संदेशही दिला असेल. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करीत बसतो, लोक त्याच्याभोवती उभे असतात, आणि त्याचा सासरा इथ्रो त्याला म्हणतो की हे तू बरे करीत नाहीस. तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. आपण बहुधा एवढ्यावरच थांबतो आणि 'हजारांवर, शेकड्यांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेम' येथे उडी मारतो. मला मात्र विसाव्या आणि एकविसाव्या वचनांचा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. इथ्रो आधी सांगतो की लोकांना विधी आणि नियम शिकव, कोणत्या मार्गाने चालावे व कोणते काम करावे ते दाखव. आणि त्यानंतर सांगतो की माणसे निवड. आपण उलटे करतो. वार्षिक सभेत माणूस निवडतो, टाळ्या वाजवतो, आणि त्याला काहीच न शिकवता काम त्याच्या गळ्यात घालतो. मग ते बिघडले की 'याला जमत नाही' असे म्हणून परत आपल्याकडे घेतो.

माझी सूचना अशी की पहिला महिना कोणालाही काही देऊ नका. एक दोनशेपानी वही घ्या आणि तुम्ही करता ती प्रत्येक गोष्ट, कितीही क्षुल्लक असो, करता त्याच दिवशी तिच्यात लिहा : किल्ली कोणती, कागद कुठे, फोन कोणाला, पैसे कोणत्या खात्यातून. पतपेढीत रजेवर जाताना तुम्ही पदभाराची टिपणे लिहून ठेवत असालच, तशीच ही ठेवा. महिन्याच्या शेवटी त्यातील किती कामांना खरोखर सेक्रेटरीच लागतो हे तुमचे तुम्हालाच दिसेल. मला वाटते, चार-पाचांहून अधिक निघणार नाहीत.

---

रद्दीतला_माणूस · २५ नोव्हेंबर

वरील प्रतिसाद चांगला आहे, पण थोडा विरोध नोंदवतो. सोपवा सोपवा म्हणणे सोपे आहे. आमच्या मंडळीत आम्ही शब्बाथशाळा पूर्णपणे तरुण संघाकडे दिली. सहा महिन्यांत वर्ग चारवरून एकावर आले, कारण परीक्षा आल्या की शिक्षक नाहीत आणि लग्नसराई आली की मुले नाहीत. मोशेला 'कर्तबगार, देवाला भिणारी, सत्यप्रिय, लाच न घेणारी' माणसे मिळाली असतील. नव्वद कुटुंबांत ती किती असणार? लहान मंडळीत एक माणूस राबतो म्हणून ती उभी असते, ही वस्तुस्थिती आहे आणि तिची लाज वाटण्याचे कारण नाही.

---

जुना_पंच · २५ नोव्हेंबर

आपला अनुभव मी खोटा म्हणत नाही. परंतु तरुण संघाला 'पूर्णपणे' दिली, यातच मेख आहे. इथ्रोच्या योजनेत अवघड प्रकरणे मोशेकडेच यायची होती आणि लहान प्रकरणे खालच्यांनी निकालात काढायची होती. जो सोपवतो त्याने बाजूला उभे राहायचे असते, निघून जायचे नसते. आपल्याकडे एक तर सर्व मुठीत किंवा मग सर्व वाऱ्यावर, अशी दोनच टोके दिसतात.

---

शिल्लक_खतावणी · २५ नोव्हेंबर

मी वीस वर्षे खजिनदार होतो, म्हणून पैशाविषयी लिहितो. तुमच्या मजकुरातील सर्वांत काळजीची गोष्ट मला विषमज्वर वाटली नाही. लिलावाची येणी तुमच्या खासगी डायरीत आहेत, ही वाटली. उद्या देव न करो तुम्हाला काही झाले, तर ती डायरी तुमच्या घरच्यांच्या हाती येईल आणि एका प्रामाणिक माणसाच्या नावावर नाहक बट्टा लागेल. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेल्या देणगीविषयी लिहितो. ती रक्कम तो एकट्याने नेत नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधूही पाठवतो, आणि कारण देतो की या मोठ्या रकमेच्या बाबतीत आमच्यावर कोणी दोष ठेवू नये, म्हणून आम्ही प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते करतो. प्रेषिताला जर साक्षीदार लागला, तर आपण कोण?

म्हणून पैशाच्या कामाची वाटणी पहिल्याच आठवड्यात करा, त्यासाठी महिनाभर थांबू नका. दानार्पणाची मोजदाद उपासना संपताच, त्याच खोलीत, एका कुटुंबातील नसलेल्या दोघांनी करावी आणि दोघांच्या सह्यांचा कागद खजिनदाराकडे जावा. मोजणारे दर महिन्याला बदलावेत. बँकेतून पैसे काढताना दोन सह्या लागतील अशी व्यवस्था करावी, आणि कोरे धनादेश आगाऊ सही करून ठेवण्याची जी 'सोय' अनेक ठिकाणी चालते ती आजच बंद करावी. पावतीपुस्तकांचे क्रमांक एका नोंदवहीत असावेत म्हणजे कोणते पुस्तक कोणाकडे आहे ते एका दृष्टिक्षेपात समजते.

दुसरे असे की तुमची मंडळी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली स्वतंत्रपणे नोंदलेली असेल, तर विश्वस्त बदलले की कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. अनेक मंडळ्यांत मृत विश्वस्तांची नावे वर्षानुवर्षे तशीच राहतात आणि नवी माणसे कागदावर येतच नाहीत. मग त्यांना जबाबदारीची जाणीव तरी कशी व्हावी? स्थावर मालमत्ता विकायची झाल्यास कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हेही नव्या पंचांना (मंडळीच्या कमिटीच्या सदस्यांना) पहिल्याच सभेत सांगावे. हे ठाऊक नसलेला पंच कोणाच्याही गोड बोलण्याला भुलू शकतो.

---

वसईची_बाय · २६ नोव्हेंबर

मी कॅथलिक आहे, तेव्हा आमची रचना वेगळी आहे हे गृहीत धरून वाचावे. आमच्या धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) प्रमुख धर्मगुरूंची काही वर्षांनी बदली होतेच, त्यामुळे 'माझ्यावाचून अडेल' असे वाटायला फार अवकाश राहत नाही. तरीही ते वाटते, हे मी पॅरिश कौन्सिलवर असताना पाहिले आहे. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये (कॅथलिक चर्चच्या कायद्यात) प्रत्येक धर्मग्रामाला आर्थिक समिती असलीच पाहिजे असे कलम ५३७ सांगते. म्हणजे धर्मगुरू कितीही सज्जन असोत, पैशाचा सल्ला त्यांनी प्रापंचिकांकडून (धर्मगुरू नसलेल्या सभासदांकडून) घ्यायचा आहे.

मला त्याहून आवडते ते कलम ५३३. प्रमुख धर्मगुरूंना वर्षातून एक महिन्यापर्यंत सुट्टी घेता येते, आणि वार्षिक तपसाधनेचे दिवस त्या सुट्टीत मोजायचे नाहीत असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. विश्रांती आणि तपसाधना या दोन निरनिराळ्या गरजा आहेत, हे नियम करणाऱ्यांना समजले होते. दादा, तुम्ही सहा वर्षांत यांपैकी एक तरी घेतली आहे का?

---

खालच्या_आळीचा (धागाकर्ता) · २६ नोव्हेंबर

ताई, नाही. नातेवाइकांच्या लग्नाला गेलो तरी रविवारी परत येतो. आपण विचारल्यावर घरी हा प्रश्न बोलून दाखवला, तेव्हा माझी पत्नी जे बोलली ते येथे लिहिण्यासारखे नाही.

---

पाळकीणबाई · २७ नोव्हेंबर

ते लिहिण्यासारखे नसले तरी मला ऐकू आले, कारण मीही ते अनेकदा बोलले आहे. माझे यजमान पाळक आहेत. आमच्याकडे रात्री अकरालाही दार वाजते, आणि ते वाजणे हा आमच्या सेवेचाच भाग आहे. पण सकाळी वाजलेले दार, दुपारचे दार आणि रात्रीचे दार ही तिन्ही एकाच माणसाने उघडावीत असे कोठेही लिहिलेले नाही.

बायबलमधील एलीया संदेष्ट्याची गोष्ट आठवा. कर्मेल डोंगरावरील एवढ्या मोठ्या विजयानंतर तो रानात एका दिवसाची वाट चालून जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करीत नाही. भाकर आणि पाण्याची सुरई देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. होरेबवरचा तो मंद वाणीचा प्रसंग या दोन जेवणांनंतर आणि दोन झोपांनंतर येतो. आणि त्या वाणीने त्याला काय सांगितले? 'मीच एकटा उरलो आहे' असे तो दोनदा म्हणाला, तर त्याला सांगण्यात आले की अलीशाला तुझ्या जागी अभिषेक कर, आणि बाल नावाच्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक इस्राएलात आहेत. 'मीच एकटा' हे थकलेल्या माणसाचे गणित असते. ते बहुधा चुकलेले असते.

तुम्हाला तापात बरे वाटले, त्याची इतकी लाज धरू नका. सहा वर्षे कोणी 'आभारी आहोत' असे म्हटले नसेल, तर माणूस अडचणीतूनच आपली किंमत मोजू लागतो. त्याचा थोडा दोष मंडळीचाही आहे.

---

नगरवाला · २७ नोव्हेंबर

आपल्याच मराठी ख्रिस्ती इतिहासातील दोन उदाहरणे देतो. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले. त्यांच्यानंतर त्यांची कन्या मनोरमा हे काम पाहील असे सर्वांनीच धरले होते. मनोरमाबाई १९२१ मध्ये गेल्या आणि वर्ष उलटण्याआधीच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. एवढ्या आघातानंतर संस्था मोडायला हवी होती, पण केडगावचे मुक्ती मिशन आजही आहे. मला त्याचे कारण असे दिसते की रमाबाईंनी आलेल्या मुलींना केवळ आश्रय दिला नाही, त्यांच्या हाती कामे दिली. शेती, विणकाम, इतकेच काय छापखानादेखील त्या चालवीत. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे भाषांतर तेथेच छापले गेले. ज्या मुलींना एके काळी अक्षर ओळखता येत नव्हते, त्या छपाईचे खिळे जुळवीत होत्या.

दुसरे उदाहरण कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची बंधुसभा सुरू केली. कल्पना किती भव्य होती हे सांगायला नको, परंतु ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि दरबाराला त्यांच्या तोलाचा माणूस मिळाला नाही. त्यांची कविप्रतिभा हेच दरबाराचे भांडवल होते, आणि ती वहीत लिहून कोणाला देता येण्यासारखी नव्हती. तरी एक गंमत पाहा. 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचे काव्य त्यांनी दहा-अकरा अध्यायांवर सोडले, आणि पुढचे साठाहून अधिक अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले. लग्नाच्या वेळी ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि ज्यांच्या शिक्षणाची सुरुवात टिळकांनी घरात केली, त्यांनी. दरबार चालवायला जे कोणी तयार झाले नाही, ते स्वयंपाकघरात तयार झाले होते. सेक्रेटरीसाहेबांनी आपली माणसे शोधताना वार्षिक सभेच्या पहिल्या रांगेपलीकडेही पाहावे, एवढेच म्हणतो.

---

शिल्लक_खतावणी · २८ नोव्हेंबर

प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्यायही येथे जोडतो. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते अशी कुरकुर झाली, आणि सात जण निवडले गेले. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप दिले गेले असे त्यावरून दिसते. तुमच्या मंडळीत हिशेबावरून दर सभेत उठून बोलणारा कोणी असेलच. मोजदादीला पहिला तोच बसवा.

---

वसईची_बाय · २८ नोव्हेंबर

एक गोष्ट राहून जाऊ नये. मुलांचे वर्ग तरुणांकडे सोपवाल तेव्हा प्रत्येक वर्गात दोन मोठी माणसे असावीत आणि दार उघडे असावे. मुलाबाबत काही गैर घडल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. 'पंचांनी बसून मिटवले' हा प्रकार कायद्याला मान्य नाही, आणि तो प्रभूला मान्य असेल असे मला वाटत नाही. हे नव्या शिक्षकांना काम देण्याआधी समोर बसवून सांगा.

---

खालच्या_आळीचा (धागाकर्ता) · २ मार्च

तीन महिन्यांनी लिहीत आहे. राजीनामा दिला नाही.

वही लिहिली. एका महिन्यात त्रेपन्न कामे निघाली. त्यांतील सहा कामांना सेक्रेटरी लागतो, म्हणजे जुन्या पंचांचा अंदाज जवळजवळ बरोबर होता. पैशाची वाटणी पहिल्याच आठवड्यात केली. माझ्या डायरीतील येणी पंचकमिटीसमोर वाचून दाखवली, खतावणीत उतरवली आणि त्या पानांवर सर्वांच्या सह्या घेतल्या. ती वाचताना एका ठिकाणी माझीच बेरीज चारशे रुपयांनी चुकलेली सापडली. ती त्या सभेत सापडली हे बरे झाले.

हिशेबावरून दर सभेत बोलणाऱ्या गृहस्थांना मोजदादीला बसवले. ते प्रत्येक नोट तीनदा मोजतात, त्यामुळे त्यांच्या जोडीदाराला घरी जेवायला दोन वाजतात. जोडीदार माझ्याकडे तक्रार घेऊन आला, तेव्हा मी त्याला सांगितले की पुढच्या महिन्यात मोजणारे बदलतील. कुरबूर मात्र थांबली आहे.

जे जमले नाही तेही लिहितो. आजाऱ्यांच्या भेटी मी तिघांना वाटून दिल्या. एका आजीबाईंनी स्पष्ट सांगितले की 'सेक्रेटरी आला नाही तर मी कोणाला दार उघडणार नाही'. पाळकीणबाईंचे दाराचे उदाहरण आठवले, पण मी गेलो. आता जाताना त्या तिघांपैकी एका ताईंना बरोबर नेतो. अजून आजीबाई त्यांच्याशी बोलत नाहीत, फक्त चहा देतात. दफनभूमीची नोंदवही एका मुलाला दिली होती; त्याने एक नोंद चुकीच्या रांगेत केली आणि ती दुरुस्त करण्यासाठी मला दोन कुटुंबांसमोर उभे राहावे लागले. नोंदवही परत घेण्याचा मोह झाला. घेतली नाही, पुढच्या तीन नोंदी त्याने माझ्यासमोर बसून केल्या.

ध्वनिक्षेपकाचे काम आता नगरवाल्यांच्या सांगण्यावरून महिला मंडळातील एक बाई पाहतात. त्यांचे घरचे दुकान विजेच्या सामानाचे आहे, आणि सहा वर्षांत मला हे विचारण्याची बुद्धी झाली नव्हती.

फेब्रुवारीत एक रविवार पत्नी आणि मुलांसह सासरवाडीला काढला. फोन दोनदा वाजला. दुसऱ्यांदा पत्नीने उचलला.

---

शिल्लक_खतावणी · २ मार्च

फार समाधान वाटले. बदल अर्ज दिलात का?

---

खालच्या_आळीचा (धागाकर्ता) · ३ मार्च

जानेवारीत दिला. दोन विश्वस्त हयात नव्हते, त्यांचे मृत्यूचे दाखले जोडायचे राहिले म्हणून तो परत आला. एक दाखला मिळाला आहे. दुसऱ्यांचे निधन ज्या गावी झाले तेथील ग्रामपंचायतीत जाऊन दाखला आणण्याचे काम नोंदवहीवाल्या मुलाने घेतले आहे; तो शुक्रवारी जातो म्हणाला.